मे महिन्यातले सभासद

भोपाळात माणूस सरकारी नोकरीतून निवृत्त झाला की वर्षभरात त्याला दोनपैकी एक गोष्ट होते: मधुमेह किंवा बाग. हबीबगंज आणि अरेरा कॉलनीच्या पट्ट्यात दोन्ही झालेली माणसं मुबलक आहेत आणि इथली बागप्रेमी मंडळं त्यांच्याच जिवावर चालतात. अध्यक्ष शक्यतो सिंचन खात्यातून आलेला असतो. आयुष्यभर धरणं बांधल्यामुळे पाण्यातलं त्याला सगळं कळतं, फक्त कुंडीला किती घालायचं तेवढं सोडून. सचिव शिक्षण खात्यातला. त्याचं इतिवृत्त बैठकीपेक्षा लांब असतं. खजिनदार बँकेतला, तो वर्गणीची नोट आधी उजेडात धरतो, मग पावती फाडतो. उरलेले सगळे कार्यकारिणीवर. नुसता सभासद असा प्राणी या मंडळांत शोधून सापडत नाही.

बैठक भरवणं हाच यांचा पहिला मोठा प्रकल्प. भोपाळी माणूस पत्ता बसथांब्यांच्या आकड्यांत सांगतो: पाच नंबर, दहा नंबर, साडेदहा नंबर. आकडे संपले की झाडांवर येतो: चार इमली, गुलमोहर. नोव्हेंबर २०२१ मध्ये हबीबगंज स्टेशनचं नाव राणी कमलापती झालं, पण नाका आणि ठाणं हबीबगंजच राहिलं, म्हणून रिक्षावाल्याला दोन्ही नावं सांगावी लागतात. अशात सचिवांचा निरोप येतो, "रविवारी सकाळी दहाला, साडेदहा नंबरच्या बागेत." निम्मी कार्यकारिणी साडेदहाला दहा नंबरला जाऊन उभी राहते. तिथे तिची आपापसात जी चर्चा होते ती बहुतेक वेळा मूळ बैठकीपेक्षा उपयोगाची असते.

या मंडळांत मराठी माणूस हटकून असतो. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी नागपूरहून भोपाळला आली आणि फायलींच्या गठ्ठ्यांमागून नागपूरचे कर्मचारीही आले. ग्वाल्हेर-इंदूरकडून येणारे वेगळेच. प्रत्येकाची बाग आपलं गाव सांगते. नागपूरकडचा गृहस्थ संत्र्याचं झाड लावतो आणि फळ आंबट निघालं की भोपाळच्या मातीला नावं ठेवतो. इंदूरकर कोथिंबीर आणि लिंबू यांच्या पुढे जात नाही, कारण पोह्यांवर तेवढंच लागतं. कोकणातून सून होऊन आलेल्या वहिनी नारळ लावतात. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर गेला की त्याला ओलं गोणपाट गुंडाळतात, संध्याकाळी झावळ्यांना अंघोळ घालतात. झाड जगतं, वाढतं, शेजाऱ्याच्या वायरींत अडकतं. नारळ तेवढे येत नाहीत.

मराठी सभासदांचं वनस्पतिशास्त्र भाद्रपदात कसाला लागतं. गणपतीच्या एकवीस पत्री म्हणजे एरवी कुणी ढुंकूनही न बघणाऱ्या झाडांचा वर्षातला एकमेव सत्कार. आघाडा, माका, डोरली, धोत्रा, रुई हे सगळं रेल्वे लाइनच्या कडेला फुकट उगवतं, पण ते ओळखणारा माणूस लागतो. मंडळातल्या एका काकूंना ते ओळखता येतं. त्यामुळे चतुर्थीच्या आदल्या दिवशी निवृत्त मुख्य अभियंत्यापासून बँक मॅनेजरपर्यंत सगळे पिशव्या घेऊन त्यांच्यामागून तण तुडवत हिंडत असतात. शमी मिळते, अर्जुन मिळतो, केवड्यासाठी थोडी धावपळ होते. देवदार भोपाळात कुठून आणायचा हा प्रश्न मात्र दरवर्षी चर्चेला येतो आणि दरवर्षी अक्षता वाहून सुटतो.

असल्या मंडळांचं कुळ थोर आहे, हे सचिव प्रत्येक वार्षिक सभेत सांगतात. कोलकात्याची अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी १८२० साली विल्यम कॅरीने काढली. हा तोच कॅरी, ज्याने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि १८१० मध्ये मोडी टाइपातला मराठी शब्दकोश. मराठी व्याकरण आणि बागकाम ही दोन्ही कामं एकाच माणसाने अंगावर घेतली, यावरून त्याला भांडणाचं वावडं नसावं असं दिसतं. पुढे १८९१ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या अथेन्स गावी बारा बायकांनी तिथला पहिला गार्डन क्लब काढला. रोपं, कलमं आपसात वाटून घ्यावीत हा हेतू. देवाणघेवाणीची ती परंपरा हबीबगंजातही आहे, त्यातली घेवाण जरा जास्त जोरात आहे. मनी प्लांट चोरून आणला तरच भरभरून वाढतो अशी समजूत असल्यामुळे इथल्या कोणत्याही घरातला मनी प्लांट विकत घेतलेला नाही. एकाच मूळ वेलीची ही सगळी संतती वर्षानुवर्षं कॉलनीत घरोघर फिरते आहे आणि मूळ मालक अजून तपास करतो आहे.

जुलै हा मंडळाचा सणाचा महिना. वृक्षारोपण! खड्डा आदल्या दिवशी माळी खणून ठेवतो. इथे वरचे दोन वीत माती आणि खाली मुरूम-दगड, त्यामुळे कुदळ ठणठणते; ट्रॉलीभर काळी माती आणून टाकल्याशिवाय मूळ धरत नाही. हे सगळं आदल्या दिवशीचं, म्हणजे फोटोत न येणारं काम. फोटोच्या दिवशी पाहुणे येतात, बॅनर लागतो आणि हातभर रोपाला अकरा जण हात लावतात. रोपाच्या पाच पानांपैकी दोन तिथेच गळतात. पाहुणे झारीतून चमचाभर पाणी घालतात, टाळ्या होतात, समोसे येतात. माळी बाजूला उभा असतो. त्याला मी एकदा विचारलं, "भय्या, खड्डा दरवर्षी याच जागी का?" तो म्हणाला, "साहब, यहाँ खोदने में आसानी पड़ती है, पिछले साल का खुदा हुआ है."

दोष एकट्या मंडळाचा नाही. हवाच तशी आहे. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये नर्मदा जयंतीला अमरकंटकात रोज एक झाड लावण्याचा संकल्प सोडला आणि भोपाळात असले की ते स्मार्ट उद्यानात जाऊन तो पाळू लागले. मुख्यमंत्री रोज एक झाड लावतात म्हटल्यावर आमच्या अध्यक्षांना आठवड्याला एक तरी फोटो हवाच झाला. त्याच वर्षी सरकारचं अंकुर अभियान आलं. त्यात गोम अशी की रोप लावताना 'वायुदूत' अ‍ॅपवर एक फोटो टाकायचा आणि तीस दिवसांनी त्याच रोपाचा दुसरा. ही दुसऱ्या फोटोची अट ज्याने कुणी काढली त्या अधिकाऱ्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असली पाहिजे. पहिल्या फोटोसाठी मांडवात दाटी होती. दुसऱ्या फोटोच्या वेळी रोप कुठे लावलं होतं यावर कार्यकारिणीत दोन तट पडले. जुलै २०२४ मध्ये इंदूरने एका दिवसात अकरा लाखांवर रोपं लावून गिनीज विक्रम केला, तेव्हा तर आमच्याकडे सुतकच होतं. स्वच्छतेत २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं इंदूर पहिलं आणि भोपाळ दुसरं आलेलं. त्यावर हे मीठ.

ऑक्टोबर आला की वृक्षप्रेम संपून गुलाबप्रेम सुरू होतं. लिंक रोड नंबर एकवरच्या सरकारी गुलाब उद्यानात दर जानेवारीत गुलाबांचं प्रदर्शन भरतं. मध्य प्रदेश रोज सोसायटी आणि उद्यानिकी खातं मिळून ते भरवतात. छाटणीपासून फूल यायला साधारण सहा ते आठ आठवडे. थंडी वाढली की आणखी उशीर. म्हणजे प्रदर्शनाच्या तारखेपासून उलटं मोजून कात्री चालवायची. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त आपल्या मनाने काढलेले लोक छाटणीच्या मुहूर्तासाठी मात्र हवामान खात्याचे अंदाज, पंचांग आणि माळी या तिघांचा सल्ला घेतात. मग तिघांचंही न ऐकता शेजाऱ्याने छाटल्यावर दुसऱ्या दिवशी आपण छाटतात.

छाटणीनंतर खुराक. हाडांचा चुरा, निंबोळी पेंड, शेणखत हे सभ्य प्रकार. गुलाबवाल्याचं खरं प्रेम मोहरीच्या पेंडीवर. ती बादलीत पाणी घालून आठवडाभर कुजवायची, मग पातळ करून मुळाशी घालायची. रोप त्याने तरारतं यात शंका नाही. मात्र त्या आठवड्यात गल्लीतून जाणारा माणूस श्वास रोखून जातो. एका घरच्या शेजाऱ्यांनी गटार तुंबल्याची तक्रार १८१ वर, म्हणजे थेट मुख्यमंत्री हेल्पलाइनवर केली. माणसं आली, चेंबर उघडून पाहिलं, तर आत लखलखीत. तक्रार 'निराकरण झाले' म्हणून बंद झाली. बादली अजून तिथेच आहे.

गुलाबांची नावं हा माळ्याच्या आणि मालकाच्या मधला कायमचा वाद. 'ख्रिश्चन डिओर'ला इथे 'किशन दयाल' म्हणतात, 'डबल डिलाइट' हा 'डबल लाइट' आहे आणि 'ग्लॅडिएटर'चा 'गुलदेटर' झाला आहे. गव्हावर आयुष्य घालवलेल्या डॉ. बी. पी. पाल यांनी छंद म्हणून भारतीय गुलाबांच्या कितीतरी जाती तयार केल्या. त्यांतला पांढरा 'डॉ. होमी भाभा' एवढा एकच असा की त्याचं नाव माळी नीट आणि आदराने घेतो. मुख्य कळी मोठी व्हावी म्हणून तिच्या बाजूच्या कळ्या खुडतात. फूल अवेळी उमलू नये म्हणून त्याला मऊ लोकरीचा धागा बांधतात. आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री फ्रिजमधली भाजी बाहेर काढून तिथे गुलाब निजवतात. त्या रात्री त्या घरात काय जेवण होतं ते विचारू नये. परीक्षकाला फूल अर्ध्यापेक्षा थोडं जास्त उमललेलं, मधला गाभा उंच राहिलेलं लागतं. लिंक रोडच्या एखाद्या खड्ड्यात गाडी आदळली की ते पूर्ण उमलतं. 'फर्स्ट प्राइज' नावाची गुलाबी रंगाची एक प्रसिद्ध जात आहे. आमच्या खजिनदारांच्या 'फर्स्ट प्राइज'ला एका वर्षी तिसरं बक्षीस मिळालं. प्रमाणपत्रावर 'फर्स्ट प्राइज, तृतीय पुरस्कार' असं छापून आलं. ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं आहे आणि पाहुणा जवळ जाऊन वाचू नये म्हणून त्याच्यापुढे सोफा ठेवला आहे.

मंडळाची स्वतःची बागस्पर्धाही असते आणि तिथे दरवर्षी सिमेंटच्या बदकांचा प्रश्न येतो. अरेरा कॉलनीतल्या हिरवळींवर बदकं, बगळे आणि हात जोडलेले बुटके इतके आहेत की त्यांना मताधिकार दिला तर नगरसेवक त्यांचाच येईल. याला गुण द्यायचे की कापायचे? लंडनच्या चेल्सी प्रदर्शनात, जे १९१३ पासून भरतं, असल्या रंगीत बुटक्यांना बंदी आहे. २०१३ च्या शताब्दीपुरती ती उठवली होती. सचिवांनी हा दाखला मोठ्या उत्साहाने दिला. अध्यक्षांच्या अंगणात पाच बदकं असल्यामुळे तो इतिवृत्तात घेतला गेला नाही.

फूलचोरांचा बंदोबस्त हा बारमाही प्रकल्प. सकाळी साडेपाचला कानटोपी, हातात आकडीची काठी आणि खिशात पिशवी घेऊन निघणारा वर्ग हबीबगंजातही आहे. कंपाउंडाबाहेर आलेलं फूल सार्वजनिक, आणि आत असलेलं काठी पोहोचते तोवर सार्वजनिक, अशी त्यांची घटना आहे. मंडळाने उपसमिती नेमली, 'फूल तोड़ना मना है' असे बोर्ड लावले, पहाटेचा पहारा ठरवला. पहिल्याच पहाऱ्यात जे सापडले त्यांत उपसमितीच्या अध्यक्षांचे सासरे होते. शेवटी ठराव 'पूजेपुरती फुलं वगळून' मंजूर झाला. पूजेपुरती म्हणजे किती, हे देवांच्या संख्येवर ठरतं, आणि मराठी देवघरात ती एकदा वाढली की कमी होत नाही. तोडगा पत्रीवाल्या काकूंनी काढला. त्यांनी भिंतीबाहेर रस्त्याच्या कडेने जास्वंद, तगर आणि कण्हेर ओळीने लावून टाकली. चोरांना हवं ते हाताशी मिळालं, आतले गुलाब वाचले आणि काठ्यांची गरज संपली. उपसमिती अजून बरखास्त झालेली नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ. एरवी ढीग करून काडी लावायची पद्धत. २०१६ च्या घनकचरा नियमांनी उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली, तेव्हापासून काडी अंधार पडल्यावर लावतात. मंडळाने बागेच्या कोपऱ्यात पालापाचोळ्याचा खड्डा केला. थर पानांचा, त्यावर शेणकाल्याचा, त्यावर मातीचा. ओल टिकवायची, अधूनमधून खालीवर करायचं, चार-सहा महिन्यांत काळंभोर खत. एवढं सोपं! पण मोकळा खड्डा दिसला की आपल्या माणसाला राहवत नाही. पानांबरोबर त्यात नारळाच्या करवंट्या आल्या, दुधाच्या पिशव्या आल्या, बंद पडलेल्या टेबलघड्याळांची एक जोडी आली आणि जुन्या देवांच्या तसबिरी आल्या. तसबिरी आल्यावर खड्ड्याजवळ चपला काढाव्यात की नाही, इथपर्यंत चर्चा गेली.

आणि मग एप्रिल संपतो. जुलैत बॅनर धरणारे, जानेवारीत गुलाब नेणारे, सगळे एकेक करून पुण्याला, बंगळुरूला, न्यू जर्सीला मुलांकडे जातात. जाताना गटावर निरोप टाकतात, "झाडांकडे लक्ष असू द्या." कोणी लक्ष द्यायचं ते निरोपात नसतं. हजेरीपट कोरा होतो. जुलैच्या मांडवात ज्यांचे फोटो आहेत ते इथे नसतात आणि इथे जे असतात ते कोणत्याच फोटोत नसतात.

इथे असतात त्या पत्रीवाल्या काकू, माळी, आणि बागेसमोर इस्त्रीची टपरी असलेला एक जण. यांच्यापैकी कुणी कार्यकारिणीवर नाही. काकूंनी जुलैत लावलेल्या कोवळ्या रोपांशेजारी मातीचे माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवले आहेत. कुंभाराकडचा बिनचकाकीचा माठ, त्यावर झाकणी. आठवड्यातून एकदोनदा भरायचा. भोवतालची माती जेवढी कोरडी तेवढंच पाणी माठातून पाझरतं, वाफेने उडून जात नाही, आणि मुळं आपणहून माठाला वेढा घालतात. टाकीचं पाणी नाही आलं त्या दिवशी इस्त्रीवाला डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चार घरांतून गोळा करून आणतो. माळ्याने फरशीत गळ्यापर्यंत चिणलेल्या जुन्या कडुनिंबाभोवतीचे पेव्हर ब्लॉक उखडून बुंधा मोकळा केला. दिल्लीत हे काम २०१३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाला आदेश काढून करून घ्यावं लागलं होतं, झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी सोडा म्हणून. इथे पहारीचे चार घाव पुरले. ब्लॉक कुठे गेले असं अध्यक्षांनी न्यू जर्सीहून विचारलं. काकूंनी कळवलं, "तुमच्या बदकांखाली लावलेत, उन्हाने कलंडत होती."

जून २०२४ मध्ये अशाच, उन्हाळ्यात इथे राहणाऱ्या लोकांची परीक्षा झाली. जवळच्या शिवाजीनगर आणि तुळशीनगरात मंत्री आणि आमदारांची नवी निवासस्थानं बांधण्याचा घाट घातला गेला. त्यात सुमारे २९,००० झाडं जाणार होती. पावसाला अजून वेळ होता, ऊन मी म्हणत होतं. तरी रस्त्यावर माणसं उतरली. बायकांनी झाडांना मिठ्या मारल्या, पूजा केल्या, रोज येऊन उभ्या राहिल्या. काही दिवसांतच नगरविकासमंत्री कैलाश विजयवर्गीय यांनी तो प्रस्ताव मागे घेतल्याचं जाहीर केलं. एकोणतीस हजार झाडं एकही खड्डा न खणता वाचली. आमच्या मंडळाच्या पुढच्या अहवालात या घटनेला दोन ओळी आहेत, वृक्षारोपणाच्या मुख्य पाहुण्यांना पाऊण पान.

मला या पाऊण पानाचं काही वाटत नाही. गुलाबाचं वेड, बदकांचा अभिमान, फोटोची हौस, यांच्याशिवाय माणसं रविवारी घराबाहेर पडणार नाहीत, आणि बाहेर पडली नाहीत तर काकूंना वर्गणीतून माठही मिळणार नाहीत. पण झाड लावणं हा तासाभराचा कार्यक्रम आहे आणि जगवणं ही दोन-तीन उन्हाळ्यांची बिनपगारी नोकरी आहे, आणि मंडळाची पदं आजवर पहिल्या कामासाठी वाटली गेली आहेत. ती मे महिन्याचा हजेरीपट बघून वाटावीत, एवढी एकच घटनादुरुस्ती मी सुचवतो. गणसंख्येची अडचण येणार नाही, तिघं पुरतात.

तुमच्या गावातही येत्या पावसाळ्यात कुणीतरी रोप लावायला बोलावेल. जरूर जा. खड्ड्याजवळ पोहोचल्यावर समोशाआधी एवढंच विचारा, "मे महिन्यात याला पाणी कोण घालणार?" नाव सांगितलं तर रोपाला हात लावा. सगळे एकमेकांकडे बघू लागले, तर एक माठ विकत घ्या आणि हजेरीपटावर तुमचं नाव लिहा.